तीन हंगाम वापर नाही

तुम्ही खोटं लिहिलंत.

चुकून नव्हे, घाईत नव्हे. गरम खोलीत बसून, आकाशातून काढलेला एक फोटो बघून तुम्ही लिहिलंत, की पेगी मॅकॉलेच्या घरचा पीटचा चर, म्हणजे चुलीत जाळायची दलदलीची काळी माती कापायची जागा, तीन हंगाम वापरात नाही, आणि म्हणून त्यावरचा तिचा हक्क रद्द करण्याचा प्रस्ताव आहे. फोटोत तुम्हाला गवत दिसलं. ते गवत का वाढलं, हे विचारायला तुमच्यातलं एक माणूस बोटीत बसून बेटावर आलं नाही. आता ऐका. तुमच्या फोटोत जे मावलं नाही ते सगळं इथं लिहिलंय.

खात्याचं पत्र बुधवारी आलं. दोन मेचं पत्र, एकवीस मेला. मध्ये चार दिवस बोट बंद होती. दोन दिवस वाऱ्यानं आणि दोन दिवस इंजिनानं.

शाल्मली पाळी संपवून घरी आली तेव्हा पेगी सिंकपाशी बटाटे सोलत होती. शाल्मली बेटावरची घरोघर जाणारी नर्स. दिवसाला ऐंशी मैल गाडी हाकायची, सहा-सात म्हातारी माणसं बघायची, कुणाच्या पायाची पट्टी बदलायची, कुणाला इन्शुलिन टोचायचं. पेगी तिची सासू, वय एकोणऐंशी, पाठ अजून सरळ.

"टेबलावर कागद हाय," पेगी म्हणाली. "वाच. मोठ्यानं वाच. चष्मा हाय माझ्याकडं, पर असल्या कागदाला मी चष्मा लावत न्हाई."

पेगी अर्धं गेलिक, म्हणजे बेटावरची जुनी भाषा, बोलायची, अर्धं इंग्रजी. शाल्मली तासगावकडची. तिच्या कानात ते तिच्या गावच्या बोलीतच उतरायचं, म्हणून इथं तसंच लिहिलंय. पुणेरी मराठीत पेगी लिहिली तर ती पेगी राहायची नाही. गेलिकमध्ये मोठ्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणायची सोय आहे. इंग्रजीत नाही. बारा वर्षांपूर्वी लग्न करून या घरात आल्यावर शाल्मलीनं त्या भाषेतला हाच शब्द सगळ्यात आधी उचलला होता. सासूला नावानं हाक मारायची तर निदान पुढं ‘तुम्ही’ लागायला हवं.

तिनं पत्र वाचलं. तीन हंगाम वापर नाही. माळावर निसर्ग-पुनर्स्थापनेचा प्रकल्प होणार, पाणी अडवून पीट पुन्हा भिजवणार, कुंपण घालणार. ज्यांचे चर वापरात आहेत ते सोडून. पेगी मॅकॉलेचा चर ब्लॉक सात-सी मध्ये. हरकत असल्यास पाहणीच्या दिवशी वापराचा पुरावा दाखवावा.

"पाहणी कवा?"

"पुढच्या मंगळवारी. अकरा वाजता."

पेगीनं बोटांवर मोजलं. "मंजी चार दिस. रविवार धरायचा न्हाई." मग हात पुसले, दार उघडलं आणि पावसात शेडकडं गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तारश्कर होतं.

तारश्कर म्हणजे पीट कापायचं हत्यार. पुरुषभर उंचीचा दांडा, खाली पाय द्यायला लाकडी पायरी आणि काटकोनात बसवलेलं पातं. पात्यावर तांबडा गंज चढला होता. पायरीचं लाकूड डाव्या बाजूला झिजलेलं होतं, कॅलमच्या बुटानं.

कॅलम, पेगीचा मुलगा, शाल्मलीचा नवरा, तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला. समुद्रात नाही, वादळात नाही. दुकानात दुधाची बाटली हातात घेऊन रांगेत उभा होता, छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. वय सत्तेचाळीस. त्या वेळी शाल्मली अकरा मैलांवर दुसऱ्या कुणाच्या छातीचे ठोके मोजत होती. नंतर ग्लासगोच्या ओळखीच्या बायकांचे फोन आले. आता तिथं कशाला राहतेस, मूलबाळ नाही, सासू तुझी नाही, परत ये, इथं हॉस्पिटलात जागा आहेत. ‘सासू तुझी नाही’ ह्या वाक्यावर शाल्मलीनं फोन ठेवला होता.

"कानस कुठं हाय?" पेगी म्हणाली. "बघतीस काय? पाणी आन."

*

गुरुवारी पाऊस होता. शाल्मलीनं रजा टाकली. दोघी घरामागच्या वाटेनं माळावर गेल्या. वीस मिनिटांची वाट, पण पेगीला पस्तीस लागली. मध्ये ती तीनदा थांबली, दर वेळी काहीतरी बघायचं म्हणून.

चर म्हणजे माळाला पडलेली लांबलचक काळी पायरी. एका बाजूला उंच काठ, खाली खोलगट तळ. दरवर्षी काठ थोडा थोडा मागं कापत न्यायचा. चारशे वर्षं मॅकॉलेंच्या घरानं तो असाच मागं नेला होता. आता काठावर गवत आणि हेदरची खुरटी झुडपं माजली होती. आधी ती साल काढायची, मग खालचं काळं पीट कापायचं.

शाल्मलीनं फावडं मारलं. साल मुळासकट निघाली, ओली, गाढवाच्या पोटासारखी जड. तिनं ती उचलून बाजूला भिरकावली.

"अगं ए!" पेगी ओरडली. "खाली ठेव ती. चराच्या तळाला. गवत वर करून."

"कॅलम कुठं ठेवायचे बघितलं नाही मी. मी यायची तोवर साल निघालेली असायची."

"मंग आता बघ. जिथनं कापलं तिथं तिची कातडी तिला परत घालायची. दोन वर्सांत हिरवं हुतंय. आमी काय उघडं टाकून जातो व्हय? आमास्नी शिकवत्यात पुनर्स्थापना!"

शाल्मली तळात उतरली. पाणी बुटात शिरलं. एकेक साल ती खाली मांडत गेली, पेगी वरून पायानं दाबत गेली. दुपारपर्यंत बारा पावलं लांबीचा काठ उघडा झाला. पेगीनं खिशातून स्कोन, घरी भाजलेला छोटा पाव, काढला, पावसानं तो लगदा झाला होता. दोघींनी तो वाटून खाल्ला.

पलीकडं तळ्याच्या काठाला दगडांचे चौकोन दिसत होते, गुडघाभर उंचीचे.

"सोळा घरं हुती तिथं," पेगी म्हणाली. "माझ्या पणज्याचं तिसरं. मालकाला मेंढ्या पायजे हुत्या. माणसं उन्हाळ्यात गुरं घेऊन वरच्या कुरणात गेली, खोपटी घालून राहिली. तेवढ्यात कारकून आला आन् त्यानं लिवलं, घरं रिकामी हायत. परत आली तवा छपरं जळालेली."

"मग?"

"मग काय. निम्मी क्यानडाला. निम्मी हितं, ह्या खडकावर. मला शाळेत हे कुणी शिकवलं न्हाई. शाळेत गेलिक बोललं की हातावर पट्टी. कारकुनाची भाषा शिकवली, कारकुनानं काय केलं ते न्हाई शिकवलं." तिनं तोंड पुसलं. "ऊठ. भिजून बसलं की पाठ धरतीया."

शुक्रवारी पाऊस थांबला. पेगी काठावर उभी राहिली, तारश्करवर पाय दिला, आणि पातं लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. खाली चरात उभ्या असलेल्या शाल्मलीच्या हातात काळी, थंड, गुळगुळीत लादी आली. ती धरायची, वळायचं आणि बाहेर हेदरवर फेकायची, मोडू न देता, एकाशेजारी एक. पुन्हा वळायचं. पुढची लादी आलेली असतेच. नऊ हंगामांत शाल्मली फेकायला शिकली होती, कापणारा मात्र कॅलम असायचा. त्याचा वेग तिच्या कमरेला पाठ होता. पेगीचा वेग निराळा होता. दोन लाद्या झाल्या की ती थांबायची, दांड्यावर हनुवटी टेकायची आणि धाप आवरायची. शाल्मली वर बघायची नाही. बघितलं तर पेगी चिडली असती.

अकराच्या सुमाराला शेजारचा टॉर्मड आला. सत्तरीचा, ढांगा लांब, डोक्यावर तेलकट टोपी. काठावर उभा राहून त्यानं खाली फेकलेल्या ओळी बघितल्या.

"शाल्मली, ही वळ हाय का कुत्र्याची शेपटी?"

"तुमच्या मेंढीपेक्षा सरळ आहे, टॉर्मड. ती काल माझ्या गाडीपुढं आडवी झाली."

"तिला तुझं ड्रायव्हिंग ठावं हाय. आत्महत्या करायला आली हुती." पेगी हसली. टॉर्मडनं थर्मास काठावर ठेवला. "मी कापू का दोन हात?"

"नगं," पेगी म्हणाली.

"नगं तर नगं." तो तसाच गेला. पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्याच्या चराला त्याच्या घरच्यांनी म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही, अशी तिथली रीत आहे.

*

शनिवारी सकाळच्या विमानानं पुष्कर आला. शाल्मलीचा धाकटा भाऊ, वॉटफर्डला राहतो, लंडनात फायनान्समध्ये आहे. सोमवारी बँक हॉलिडे म्हणून सलग तीन दिवस सुट्टी, ती साधून पफिन पक्षी बघायला आला होता. पायात पांढरे बूट.

"ताई, मी बुकिंग केलंय बोट ट्रिपचं!"

"कॅन्सल कर. हे घाल." तिनं कॅलमचे रबरी बूट पुढं टाकले.

तासाभरानं पुष्कर चरात उभा होता, कोपरापर्यंत काळा. पहिली लादी त्याच्या हातात फुटली. दुसरी छातीवर बसली.

"सीरियसली, ताई? आई आयुष्यभर म्हणायची, पोरगी शिकली, गोवऱ्या थापायच्या सुटल्या. ह्या गोवऱ्याच आहेत! नुसत्या शेणाच्या नाहीत एवढंच."

"बोलू नको. फेक."

"काय म्हणतोय गं त्यो?" वरून पेगी.

"म्हणतोय, छान व्यायाम आहे."

"त्याचं तोंड तसं म्हणत न्हाई."

दुपारी तिघं काठावर बसली. वारा होता, चिलटं नव्हती. पुष्करनं पत्र मागून घेतलं, वाचलं आणि घडी घालून परत दिलं. मग शाल्मलीकडं न बघता म्हणाला, "आमच्या ऑफिसमध्ये हेच विकतात."

"काय विकतात?"

"क्रेडिट्स. कार्बनची. एखादी कंपनी विमानं उडवते, धूर करते. मग असला माळ कुठंतरी ओला ठेवतात, म्हणजे कार्बन जमिनीतच राहतो, आणि तेवढा धूर माफ. हाच माळ असं नाही म्हणत मी. पण... असाच. माझ्या टीममध्ये नाही, शेजारच्या."

शाल्मलीनं हातातला चहा ठेवला. "म्हणजे त्यांचा धूर इथं पुरणार. आणि पेगीनं एका चुलीपुरतं कापायचं नाही."

"मी फक्त सांगतोय, ताई. आय ॲम नॉट डिफेंडिंग देम."

"तू शेजारच्या टीममध्ये आहेस ना? मग शेजाऱ्यासारखा वाग. ऊठ."

तो उठला. दोन ओळी मुकाट्यानं फेकल्यावर त्यानं विचारलं, "पण तीन वर्षं तुम्ही जाळलं काय? चर तर खरंच बंद होता."

शाल्मलीनं आधी वर बघितलं. पेगी लांब जाऊन पात्याला दगड लावत होती. तरीही तिनं आवाज खाली आणला.

"कॅलम गेले त्या वर्षी मे महिन्यात आम्ही इकडं आलोच नाही. पेगींना बघवत नव्हतं. जुलैत एक दिवस मी कामावरून आले, तर घराच्या भिंतीला वाळलेल्या पीटचा ढीग. नीट रचलेला, वर्षभराचा. कुणी टाकला, कळेना. मी आपली केक भाजून टॉर्मडच्या घरी थँक यू म्हणायला गेले."

"मग?"

"त्यांनी असं तोंड केलं की जणू मी शिवीच दिली. म्हणाले, कसला ढीग? आणि घरी पेगींनी मला फाडून खाल्लं. माणसानं दिलेलं असं तोंडावर बोलून दाखवतात का, त्यास्नी लाजवायला गेली हुतीस का, म्हणून. पुढच्या वर्षी पुन्हा ढीग. तिसऱ्या वर्षी पुन्हा. अख्ख्या वस्तीनं आपापल्या चरातून थोडं थोडं जास्त कापलं होतं. आमच्या चराला कुणी शिवलं नाही. मेलेल्या माणसाचा चर, त्याच्या आईनं उघडेपर्यंत कुणी उघडायचा नाही."

लादी पुष्करच्या हातातच राहिली. "म्हणजे ह्यांच्या चांगुलपणामुळंच हा चर फोटोत रिकामा दिसला."

"फेक," शाल्मली म्हणाली. "वाळायला लागली ती हातात."

*

रविवारी आकाश असं निघालं की जणू मुद्दाम. ढग नाही, कोरडा वारा, पीट कापायला वर्षातून चार-पाच वेळा मिळतो तसा दिवस. काठाची अजून पंचवीस पावलं बाकी होती. पण रविवार देवाचा, कामाचा नाही. त्या दिवशी गावात वाळत घातलेले कपडेसुद्धा दोरीवर दिसत नाहीत. पेगी काळा कोट घालून प्रार्थनेला निघाली.

"ताई, हे वेडेपणाचं आहे," पुष्कर म्हणाला. "मंगळवारी तो माणूस येणार. देवाला कळत नाही का डेडलाइन?"

शाल्मलीलाही तेच वाटत होतं. तिनं पेगीला तसं विचारलं, तुम्ही-तुम्ही करत, दोनदा. पेगी हातमोजा चढवत होती.

"जा की. मी काय दार लावलंय? पर आज काढलेलं पीट माझ्या चुलीत येणार न्हाई. त्या कागदवाल्यांपायी मी सोमवारची बाई रविवारी हुयाची न्हाई. त्यास्नी तेच पायजे असतंय. आपण आपलं सोडून पळत यावं."

दार लागलं. पुष्कर खिडकीतून उन्हाकडं बघत बसला. शाल्मलीनं त्याच्या हातांना मलम लावलं. तळव्यांवर सात फोड होते. तिच्या स्वतःच्या कमरेत वाकलं की कळ जात होती, पण ती तिनं कुणाला सांगितली नाही. दुपारी पुष्कर म्हणाला, "म्हातारी हट्टी आहे." थोड्या वेळानं म्हणाला, "आमच्या ऑफिसमध्ये कुणी तिला नाही म्हणू शकणार नाही."

सोमवारी पहाटेपासून बारीक पाऊस. पेगीला दहानंतर तारश्कर दाबेना. पाय पायरीवर ठेवायची, वजन टाकायची, आणि पातं निम्म्यात थांबायचं. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तिनं तारश्कर चिखलात रोवलं आणि बाजूला झाली. शाल्मली वर चढली. बारा वर्षांत तिनं ते हत्यार कधी धरलं नव्हतं. दांडा तिला उंच होता. पहिली लादी वेडीवाकडी निघाली, पुष्करच्या पायावर पडली.

"ताई! पायाची बोटं आहेत मला!"

"टाच नगं," पेगी म्हणाली. "पायाचा मधला भाग दे. आन् मनगट ढिलं. तू सुई टोचतीस तवा अशी धरतीस काय? पेशंट मरंल."

चाळिसाव्या लादीनंतर पातं सरळ जायला लागलं. संध्याकाळी आठ वाजता, अजून उजेड होता तेव्हा, चराच्या शेवटच्या दगडाशी ती पोचली. मागं हेदरवर काळ्या ओळी पसरल्या होत्या, पावसात चमकत. पुष्कर चरातच बसला होता. पेगीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेलिकमध्ये काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, फेकायला येत नाही, पण पळून गेला नाही."

*

मंगळवारी वारा पडला आणि चिलटं उठली. अधिकारी बरोबर अकराला आला. तिशीचा, सभ्य, हिरवं जाकीट, नवे बूट, हातात टॅबलेट. जाकिटावर छातीपाशी खात्याचं नाव भरतकामानं काढलेलं होतं. वर गेलिक, खाली इंग्रजी. त्यानं सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हटलं. पुष्करनं विमान पुढं ढकललं होतं.

कुणी बोलावलं नव्हतं, तरी वस्तीतली माणसं आली होती. टॉर्मड, त्याची बायको, वरच्या घरचे दोघं भाऊ, शाळेची बस चालवणारी मोराग, अजून तीन घरचे चौघं. हात खिशात घालून चराच्या काठानं उभे राहिले, मेंढ्या बघायला आल्यासारखे.

अधिकारी चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. फोटो काढले. कानामागं चिलटं मारत म्हणाला, "हे काम अगदी ताजं आहे."

"ताजंच असतंय," पेगी म्हणाली. "मे महिना हाय."

"हो, पण मला सातत्य पाहायचं आहे, मिसेस मॅकॉले. पत्र मिळाल्यावर चार दिवसांत कापलेलं हा वापर धरता येत नाही. मला फॉर्मवर एक प्रश्न आहे. गेली तीन वर्षं आपल्या घरी इंधन काय होतं?"

खोटं बोलणं पेगीला येत नव्हतं. आणि खरं बोलायचं तर ज्यांनी दिलं ते समोर उभे होते. तिनं कोटाचं वरचं बटण लावलं, ते आधीच लावलेलं होतं. अधिकाऱ्यानं प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी सावकाश आणि मोठ्यानं, बहिऱ्याला विचारावा तसा.

टॉर्मडनं टोपी काढली. मग तो बोलायला लागला. गेलिकमध्ये, एकसुरी, जमिनीकडं बघत. पहिल्या वर्षी कुणी किती ट्रॉल्या दिल्या, दुसऱ्या वर्षी कुणी, रचायला कोण होतं, पेगी आणि शाल्मली घरी नाहीत हे कोण बघून यायचं. तीन वर्षांत ही गोष्ट कुणीही मोठ्यानं बोललं नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते. मोरागनं तोंड फिरवलं. पेगी सरळ समोर बघत राहिली.

"सॉरी," अधिकारी म्हणाला, "मला गेलिक येत नाही."

टॉर्मडनं वर बघितलं आणि इंग्रजीत म्हणाला, "छातीवर लिहून तर हिंडतोस."

वरच्या घरचा धाकटा भाऊ फस्सकन हसला. अधिकाऱ्यानं जाकिटाकडं बघितलं, आणि तोही लाल झाला. "कुणी मला इंग्रजीत सांगेल का?"

कुणी पुढं झालं नाही. येत सगळ्यांना होतं. शाल्मलीनं पेगीकडं बघितलं. पेगीनं हनुवटी जराशी हलवली. मग शाल्मलीनं सांगितलं. सगळं, वर्षं आणि माणसं. आपला नवरा मेला म्हणून चर उघडला नाही, हेही. पेशंटची नोंद सांगते तसं, आवाज न चढवता. अधिकाऱ्यानं मान डोलावत ऐकलं. त्याला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. मग त्यानं टॅबलेटवर टाइप केलं आणि नियमाप्रमाणं ते वाचून दाखवलं.

"घराची इंधनाची गरज इतर स्रोतांतून भागवली गेली. स्वतंत्र चराची आवश्यकता सिद्ध होत नाही."

"काय म्हणला?" पेगीनं शाल्मलीला गेलिकमध्ये विचारलं. तिला इंग्रजी पुरतं येत होतं. तिला ते दुसऱ्या भाषेत ऐकायचं होतं, खरं आहे का बघायला.

शाल्मलीनं शब्द शोधत सांगितलं. "म्हणतोय, शेजाऱ्यांनी दिलं, म्हणजे तुम्हाला आपलं लागत नाही."

टॉर्मडच्या हातातली टोपी चुरगळली. त्यानंच बोलून घात केला होता, असं त्याच्या तोंडावर आलं. पेगी त्याच्याकडं गेली, त्याच्या हातातून टोपी घेतली आणि त्याच्या डोक्यावर घातली, नीट, दोन्ही हातांनी.

"तू खरं बोललास," ती म्हणाली. "लाज त्यानं वाटून घ्यावी." मग शाल्मलीला म्हणाली, "पोरी, सोडू नगंस."

अधिकारी टॅबलेट बंद करत होता. "अहवाल सहा आठवड्यांत येईल. हरकत लेखी..."

"थांबा," शाल्मली म्हणाली. "तुम्ही लिहिलंत ते पुसू नका. तसंच राहू द्या. पण ते बरोबर आहे असं तुम्हाला वाटतं का?"

"माझं मत विचारात घेतलं जात नाही, मॅडम."

"मग ज्याचं घेतात त्याला फोन लावा."

"आत्ता?"

"आत्ता. काठावर चढलात की रेंज येते."

त्यानं गाडीकडं बघितलं. गाडी आणि तो यांच्यामध्ये कुणी आडवं आलेलं नव्हतं. माणसं फक्त उभी होती. एकानंही चिलट मारायला हात वर केला नव्हता. पुष्कर त्याच्याजवळ गेला आणि हळूच, ऑफिसातल्या आवाजात म्हणाला, "मेट, तुझ्या जागी मी असतो तर लावला असता."

अधिकारी काठावर चढला. नव्या बुटांखाली पीट दबलं. त्यानं फोन लावला, दोन वाक्यं बोलला, मग पलीकडचं ऐकलं, मग फोन कानापासून दूर धरून स्पीकर लावला. एका बाईचा आवाज आला, थकलेला, मऊ. हरकती लेखी स्वरूपात, ठरावीक नमुन्यात, वेबसाइटवर. धन्यवाद.

"फोन ठेवू नका," शाल्मली म्हणाली. ती चरात उभी होती, चिखल पोटऱ्यांपर्यंत. "मी शाल्मली मॅकॉले. पेगी मॅकॉलेची सून. आम्ही बारा जण इथं उभे आहोत. नमुना भरून झाला, तो हेदरवर वाळत पडलाय. तुम्ही आम्हाला एवढंच सांगा. पोरगा मेल्यावर शेजाऱ्यांनी त्याच्या आईची चूल तीन वर्षं विझू दिली नाही, तर तिची जमीन तुमची होते, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? कलम वाचा. मोठ्यानं वाचा. गेलिकमध्ये वाचा, इंग्रजीत वाचा, मला चालेल. आम्ही ऐकतोय. बोला."